खिडकीजवळचं टेबल

बाबांच्या ऑफिसच्या बॅगेत एक काचेचा पेपरवेट असायचा. मुठीत मावेल एवढा, आत निळं फूल आणि त्याभोवती अडकलेले हवेचे चार-पाच बुडबुडे. सकाळी डब्याशेजारी तो बॅगेत जायचा, संध्याकाळी डब्याबरोबर बाहेर यायचा. आई डबा घासायला घ्यायची आणि पेपरवेट टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालावर ठेवायची. डोंबिवली ते व्हीटी आणि परत, रोज. ज्या गर्दीत माणूस छत्रीचंही ओझं टाळतो, त्या गर्दीतून बाबा तो काचेचा गोळा घेऊन जात-येत होते. मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगं, तिकडे राहत नाहीत वस्तू." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्या वाक्यामागे काय होतं, ते कळायला दहा-बारा वर्षं गेली. आणि ते कळलं एका अमेरिकन विनोदी सिनेमामुळे.

सिनेमाचं नाव 'ऑफिस स्पेस'. लेखक-दिग्दर्शक माइक जज. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो अमेरिकेत लागला, तेव्हा मी तिथेच होते. टेक्सासमध्ये, डॅलसला लागून असलेल्या अर्व्हिंगमध्ये. सिनेमाचं चित्रीकरणही टेक्सासमधलंच, मुख्यतः ऑस्टिनचं. एवढंच नाही, सिनेमाचा नायक पीटर गिबन्स जे काम करतो, नेमकं तेच काम मी करत होते. एका प्रसंगात तो मैत्रिणीला सांगतो की जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला सालाचे चारऐवजी दोनच आकडे लिहून ठेवलेत, २००० साल उजाडलं की घोळ होईल, म्हणून मी दिवसभर बसून हजारो ओळींमधले ते आकडे बदलत असतो. वायटूके. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत या एका शब्दाने पहिला पासपोर्ट आणला. कोबोल ही तोवर म्हातारी झालेली प्रोग्रॅमिंगची भाषा. ती शिकवणारे क्लास पुण्या-मुंबईत निघाले, आणि शिकलेली पोरं एच-वन व्हिसावर अमेरिकेला गेली. मागणी एवढी होती की अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा करून त्या व्हिसांची वर्षाची मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली.

मी त्या गर्दीतलीच एक. सहा जणी एका अपार्टमेंटमध्ये, दोघींत एक गादी. कामाचं स्वरूप सांगायचं तर असं: प्रोग्रॅम उघडायचा, तारखेचे रकाने शोधायचे, प्रत्येक ठिकाणी ठरवायचं की इथे चार आकड्यांची जागा करायची की नुसती अट घालायची. अट घालण्याला आम्ही विंडोइंग म्हणायचो. दोन आकडे ५० पेक्षा कमी असतील तर पुढचं शतक धरायचं, जास्त असतील तर हे. मग ते तपासायचं, तपासलं म्हणून लिहायचं, लिहिलं म्हणून सही घ्यायची. मला वरिष्ठ तीन होते. जिथे बसत होते त्या कंपनीचा मॅनेजर, मधल्या एजन्सीचा माणूस आणि आमच्या स्वतःच्या कंपनीचा कोऑर्डिनेटर. तिघांना तीन टाइमशीट. कामाचे तेच चाळीस तास, पण तीन निराळ्या कोडांखाली, तीन निराळ्या फॉर्मवर. एका कोडातला एक आकडा चुकला तेव्हा तिघांचे तीन फोन आले, आणि तिघांनीही मला तीच गोष्ट तितक्याच गोड आवाजात समजावून सांगितली.

पीटरला आठ बॉस आहेत. टीपीएस रिपोर्ट नावाच्या ऑफिसातल्या एका ठरावीक अहवालाला नवीन कव्हर शीट लावायची राहिली, तर एकामागून एक येऊन ते त्याला सांगतात की मेमो आला होता, पाहिला नाहीस का. त्याने पाहिलाय. तो त्याच्या टेबलावरच आहे. तो फक्त विसरला. पण 'विसरलो' हे उत्तर एकाला देऊन भागत नाही, आठ वेळा द्यावं लागतं.

रविवारी कॉलिंग कार्डावर घरी फोन करायचे. बाबा विचारायचे, "ऑफिसात काय चाललंय?" मी म्हणायचे, "काही नाही, काम." खरंच काय सांगणार होते? टाइमशीटच्या कोडातला एक आकडा चुकला म्हणून मला वाईट वाटलं, हे आठ हजार मैलांवरून मिनिटाला पैसे मोजून कसं सांगायचं? कुणी मारलं नव्हतं, पगार बुडवला नव्हता, अपमानाचा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. माझ्या आडनावात 'क्ष' आहे. पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांनी ते म्हणायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला, आणि मी नुसती 'के' झाले. हेही सांगण्यासारखं वाटलं नाही. ऑफिसातलं दुःख असं असतं. एकेक तुकडा इतका लहान की कुणापुढे ठेवायला लाज वाटते, आणि सगळं मिळून इतकं की रविवारी संध्याकाळपासून छातीवर बसतं.

मला वाटतं, हे दुःख विनोदी सिनेमालाच पेलतं. गंभीर नाटकात स्टेपलर हरवला म्हणून माणूस कोसळला, तर प्रेक्षक म्हणतील, एवढंसं काय ते. विनोदात मात्र आपण आधी हसतो, म्हणजे ती गोष्ट आत घेतो, आणि मग ती आत राहते. 'ऑफिस स्पेस' मी थिएटरात पाहिला नाही. फारसा कुणीच पाहिला नाही. साधारण १ कोटी डॉलरला केलेल्या सिनेमाने अमेरिकेतल्या थिएटरांत जेमतेम तेवढेच मिळवले आणि तो उतरला. नंतर केबलवर आणि व्हिडिओ कॅसेट-डीव्हीडीवर तो हळूहळू लोकांना सापडत गेला, ऑफिसात एकाने दुसऱ्याला द्यावा तसा. मलाही तो तसाच मिळाला, २००३ मध्ये, पुण्यात, शेजारच्या क्युबिकलमधल्या सहकाऱ्याकडून.

त्या रात्री मी प्रिंटरपाशी थांबले, म्हणजे रिमोटने सिनेमा थांबवला. पीटरचा मित्र मायकेल प्रिंटरशी झगडतोय आणि पडद्यावर येतं 'पीसी लोड लेटर'. तो वैतागून विचारतो, म्हणजे काय? मला ते माहीत होतं. पीसी म्हणजे पेपर कॅसेट. लेटर साइजचा कागद भरा, एवढंच प्रिंटरला म्हणायचं असतं. अर्व्हिंगमध्ये माझ्या वाट्याला याची उलटी बाजू आली होती. भारतातून आलेली आमची कागदपत्रं ए-फोर साइजवर मांडलेली. प्रिंट दिली की मशीन ए-फोर कागद मागत बसायचं, आणि त्या संपूर्ण इमारतीत ए-फोरचा एक कागद नव्हता; अमेरिकेत तो वापरतच नाहीत. मागे लोकांची रांग. कुणी काही बोलत नव्हतं, सगळे आपापल्या कपाकडे पाहत होते. शेवटी एक वयस्कर बाई पुढे आल्या, त्यांनी एक बटण दाबलं, मशीन नेहमीच्या कागदावर छापू लागलं, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. पण सिनेमात पुढे पीटर, मायकेल आणि समीर तो प्रिंटर माळरानावर नेऊन बॅटने फोडतात, तेव्हा मला आनंद झाला तो फोडण्याचा नव्हता. तिघं मिळून ते करतात, त्याचा होता.

समीरबद्दल थोडं. तो नट अजय नायडू, भारतीय वंशाचा, अमेरिकेतच जन्मलेला. सिनेमातल्या समीरचं आडनाव कुणालाच म्हणता येत नाही. कंपनीत माणसं कमी करायला बाहेरून दोन सल्लागार येतात, दोघांचंही नाव बॉब. त्यांच्यातला एक यादी वाचताना समीरच्या आडनावापाशी अडखळतो, दोनदा प्रयत्न करतो आणि मग म्हणतो, जाऊ दे, तसंही तो इथे राहणार नाहीये. प्रेक्षक हसतात. मीही हसले होते, आणि मग हसू थांबलं. पीटरला नोकरीचा कंटाळा येतो तेव्हा तो जायचंच बंद करतो, आणि सिनेमा त्याच्या बाजूने उभा राहतो. तसं राहायलाच हवं. पण माझ्यासारख्यांची नोकरी गेली की व्हिसाच्या पायाखालची जमीनच जायची. आज जी ६० दिवसांची मुदत मिळते, ती २०१७ पासूनची. त्या वेळी तीही नव्हती. म्हणून मला सिनेमात पीटरपेक्षा समीर जवळचा वाटला, आणि त्याची गोष्ट आणखी सांगायला हवी होती असं आजही वाटतं. उत्तरार्धातली चोरी, व्याजातल्या सेंटच्या अपूर्णांकांवर मारलेला हात, दशांशचिन्हाच्या चुकीमुळे काही दिवसांतच जमलेले तीन लाखांवर डॉलर, हे सगळं ठीक आहे. सिनेमाला काहीतरी घडवावं लागतं. त्याची ताकद तिथे नाही.

ताकद बॉसमध्ये आहे. बिल लंबर्ग, नट गॅरी कोल. हातात कॉफीचा मग, क्युबिकलच्या कडेला टेकलेला. तो कधीही ओरडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी येतो आणि शांतपणे म्हणतो की शनिवारी यायला जमवलंत तर फार बरं होईल. आणि हो, रविवारीसुद्धा. हिंदी-मराठी सिनेमातले साहेब आपण पाहिलेत, टेबलावर मूठ आपटणारे, फाइल भिरकावणारे. त्यांच्याशी भांडता तरी येतं. लंबर्गशी भांडायला जागाच नाही, कारण तो हुकूम देतच नाही. विनंती करतो, आणि ती नाकारायची सोय त्याने आधीच काढून घेतलेली असते. ज्याने हा माणूस लिहिला त्याने त्याला जवळून पाहिलं असणार. जज मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. सिनेमाकडे वळण्याआधी त्याने इंजिनिअर म्हणून नोकऱ्या केल्या, आणि सिलिकॉन व्हॅलीतली एक तर तीन महिन्यांच्या आत सोडली.

नोकरीतून आलेला माणूसच हे लिहू शकतो, असं मला इटलीच्या फान्टोत्सीमुळेही वाटतं. पाओलो विल्लाज्जो हा लेखक-नट जेनोव्हात पोलाद उद्योगातल्या एका मोठ्या कंपनीत नोकरी करायचा. तिथून त्याने उगो फान्टोत्सी नावाचा हिशेबनीस आणला. १९७१ मध्ये पुस्तक आलं, १९७५ मध्ये सिनेमा. सिनेमाच्या सुरुवातीला फान्टोत्सीची बायको कंपनीत फोन करून अदबीने विचारते की माझे यजमान १८ दिवस घरी आले नाहीत, तर जरा बघता का. शोध घेतल्यावर कळतं की जुन्या संडासांना भिंत घालून बुजवलं तेव्हा ते आतच राहिले. १८ दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि त्याची सकाळ! गजर ७ वाजून ५१ मिनिटांनी, कार्ड पंच करायची वेळ साडेआठ. मधलं एकेक मिनिट वर्षानुवर्षं घासून कमी करत आणलेलं. आमच्या घरी हेच गणित ८:१३ च्या लोकलशी बांधलेलं होतं. बाबांच्या ऑफिसात तीन लेटमार्क म्हणजे एक सीएल गेली. मस्टर आत गेलं की गेलं. माझ्या लहानपणी आमच्या घरात चपला कधीही सरळ जोडीने काढलेल्या नसायच्या. बाबांच्या मात्र दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असायच्या, सकाळी नुसते पाय सरकवायला.

आता मिल्टन.

मिल्टन वॉडम्स 'ऑफिस स्पेस'मध्ये सगळा मिळून थोडाच वेळ दिसतो. नट स्टीफन रूट. जाड भिंगांचा चष्मा, तोंडातल्या तोंडात बोलणं. माइक जजने १९९०च्या सुरुवातीला या मिल्टनवर छोटे ॲनिमेशनपट केले होते. सिनेमा त्यातूनच वाढला. मिल्टनचं टेबल आधी खिडकीजवळ होतं. तिथून त्याला खारी दिसायच्या. मग टेबल हलवलं, पुन्हा हलवलं, पुन्हा. त्याच्याजवळ एक लाल स्टेपलर आहे. कंपनीने दुसऱ्या बनावटीचे स्टेपलर आणले तेव्हाही त्याने स्वतःचा जुनाच ठेवला, कारण तो कमी अडकतो. लंबर्ग येतो, बोलता बोलता तो स्टेपलर उचलतो आणि घेऊन जातो. पुढे मिल्टनला तळघरात बसवतात आणि तिथली झुरळंही त्यानेच मारावीत असं सुचवतात. खरी गोष्ट अशी की मिल्टनला पाच वर्षांपूर्वीच नारळ दिलेला आहे. फक्त ते त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि पगाराच्या यादीतल्या चुकीमुळे चेक मात्र येत राहिला. हे उघडकीला येतं तेव्हाही त्याला कुणी सांगत नाही. चूक दुरुस्त करतात, पगार थांबतो, आणि बाकीचं आपोआप मिटेल असं ठरवतात.

तो लाल स्टेपलर मुद्दाम रंगवलेला होता, पडद्यावर उठून दिसावा म्हणून. स्टेपलर बनवणाऱ्या कंपनीच्या मालात तेव्हा तसा लाल रंग नव्हता. सिनेमा पाहून लोक तो इतका मागू लागले की २००२ मध्ये कंपनीने खरोखर लाल स्टेपलर बाजारात आणला. मला या गोष्टीचं फार वाटतं. इतक्या लोकांना तो हवा होता. कुणाचं काय गेलेलं असेल, कुणाचा पेन, कुणाची खुर्ची, कुणाची खिडकी.

केकचा प्रसंग मी चारदा तरी पाहिला असेल. साहेबाचा वाढदिवस आहे. मिल्टन म्हणतो, मागच्या वेळी मला तुकडा मिळाला नव्हता. एक बाई त्याला सांगते, तू पुढे दे. तो हातातली बशी पुढे देतो. पुढची बशी येते, तीही पुढे देतो. बशा त्याच्या हातातून जात राहतात, सगळ्यांच्या हातात केक दिसू लागतो, आणि शेवटी त्याचे हात रिकामे. तो कुणालाच काही म्हणत नाही. ओठ फक्त हलत राहतात.

तिथे मला बाबांचा पेपरवेट आठवला. बाबांच्या खात्यात लेजर हाताने लिहायचे. ९० नंतर तिथे कॉम्प्युटर आले, एसीची केबिन झाली, आणि एका संध्याकाळी बाबा चहा पिताना म्हणाले होते, "आज टेबल हलवलं." आई म्हणाली, "बरं." मी पेपर वाचत होते. पेपरवेट बॅगेतून यायला लागला तो त्यानंतर, हे मी इतक्या वर्षांत कधी जोडलंच नव्हतं.

बाबांना हा सिनेमा दाखवायला मला आणखी काही वर्षं लागली. ते निवृत्त होऊन माझ्याकडे पुण्याला आले होते. त्यांचा आवडता सिनेमा 'गोलमाल', १९७९चा, हृषीकेश मुखर्जींचा. अमोल पालेकर मिशीसकट मुलाखतीला जातो आणि उत्पल दत्तच्या भवानीशंकरना वाटतं की मिशी म्हणजे चारित्र्य. बाबा तो पाहताना दर वेळी म्हणायचे, "साहेबाला काय आवडतं हे कळलं पाहिजे, कामाचं काय!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. इंग्रजी सिनेमाला मात्र ते नाखूश होते. मी शेजारी बसून वाक्यावाक्याचा अर्थ सांगत गेले. प्रिंटरला ते हसले नाहीत. बॉबसमोर बसलेला वयस्कर टॉम, आपण नेमकं काय काम करतो हे सांगता सांगता ज्याचा आवाज चढतो, त्याला पाहून म्हणाले, "याला बाहेर पाणी तरी द्यायला हवं होतं कुणीतरी." केकला हसले नाहीत.

मिल्टन शेवटी ती इमारत पेटवून देतो आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात पोचतो. तिथेही तो वेटरला पुटपुटत सांगत असतो की पेयात मीठ नको म्हणालो होतो, आणि वेटरचं लक्ष नसतं.

"म्हणजे तिथेही त्याचं कुणी ऐकत नाहीच," बाबा म्हणाले.

मी टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्याला शेवटी बसवलं कुठे होतं म्हणालीस?"

"तळघरात, बाबा."

"आमच्याकडे तळघर नव्हतं," ते म्हणाले. "रेकॉर्ड रूम होती."

मग ते बोलायला लागले. खिडकीतून समोरच्या इमारतीचा पत्रा दिसायचा आणि त्यावर पारवे बसायचे. एका पारव्याचा पाय लंगडा होता, तो आला की साडेअकरा वाजले असं समजायचं. रेकॉर्ड रूममध्ये पंखा होता, पण चालू केला की कागद उडायचे, म्हणून पेपरवेट. पहिले दोन गेले. कुणी नेले ते माहीत होतं, पण विचारणार कसं, साहेबांच्याच टेबलावर होते. तिसरा त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला, फोर्टात, फुटपाथवरून. आई आतून दोनदा येऊन गेली, झोपायचं नाही का म्हणाली. बाबा थांबले नाहीत, आणि त्या रात्री मला पहिल्यांदा त्यांच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाचं नाव कळलं.